मोबाईल हरवला तर उद्या दुकान उघडेल का? ट्रिक्स शिकण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा



आपल्या चॅनलवर सगळ्यात जास्त मागणी कशाची येते, माहीत आहे? "सर, मोबाईलच्या ट्रिक्सवर व्हिडिओ बनवा." "दादा, एक्सेलच्या शॉर्टकटवर एक होऊन जाऊ द्या." भांडवल, जीएसटी, उधारी वसुली यावर बोललो की लोक शांतपणे ऐकतात. ट्रिकचा व्हिडिओ टाकला की लगेच शेअर सुरू. यात वाईट काही नाही. ट्रिक्स मलाही आवडतात आणि आजच्या लेखात भरपूर देणार आहे. पण त्याआधी माझं एक मत ऐकून घ्या. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

माझं मत असं की धंदा करणाऱ्या माणसाने कोणतीही ट्रिक, कोणतंही ॲप हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी हा मोबाईल माझ्याजवळ नसला, तर माझं दुकान उघडेल का?

शटर उघडेल हो, त्याची किल्ली खिशात आहे. पण धंदा उघडेल का? कोणाकडे किती उधारी आहे, होलसेलरचा नंबर काय, परवाची ऑर्डर कोणाची होती, उद्यमचं सर्टिफिकेट कुठे आहे, क्यूआरवर आलेले पैसे कोणत्या खात्यात जातात, हे सगळं आपण आता एका हाताएवढ्या काचेच्या डब्यात ठेवलंय. बीबीएला आम्हाला 'रिस्क मॅनेजमेंट' नावाचा मोठा धडा होता. वाशिमात स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान चालवताना मला त्याचा अर्थ एका ओळीत कळला: जे एकाच ठिकाणी आहे, ते कधीही जाऊ शकतं.

म्हणून माझ्या लेखी चांगली ट्रिक म्हणजे चार सेकंद वाचवणारी नव्हे. वाईट दिवशी जी तुमचा धंदा वाचवते, ती चांगली ट्रिक.

## ॲप आपलं नसतं, माहिती आपली असते

"एवढं कुठे काय होतं भाऊ?" असं वाटत असेल तर मागच्या पाच-सहा वर्षांत काय काय झालं ते आठवून पाहा.

29 जून 2020 ला केंद्र सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली. सगळ्यांना टिकटॉक आठवतं. पण त्याच यादीत कॅमस्कॅनर होतं, शेअरइट होतं, झेंडर होतं. म्हणजे कागद स्कॅन करायला आणि फाईल पाठवायला आपल्याकडची अर्धी दुकानं जे वापरत होती, तेच. ज्यांनी स्कॅन केलेले कागद दुसरीकडे जपून ठेवले होते, त्यांनी दुसरं ॲप घेतलं आणि कामाला लागले. ज्यांचं सगळं त्या ॲपच्या आतच होतं, त्यांची धावपळ झाली.

गुगलवर दुकानाचं प्रोफाईल बनवलं की त्यासोबत एक फुकट वेबसाईट बनवता यायची. अनेक छोट्या व्यावसायिकांनी व्हिजिटिंग कार्डावर तिचा पत्ता छापून घेतला. मार्च 2024 मध्ये गुगलने त्या वेबसाईट बंद केल्या. प्रोफाईल राहिलं, वेबसाईट गेली. कार्डं छापलेलीच राहिली.

25 ऑक्टोबर 2022, दिवाळीचे दिवस. भर दुपारी सुमारे दोन तास व्हॉट्सॲप बंद होतं. 26 मार्च 2025 आणि 12 एप्रिल 2025 या दोन दिवशी देशभर यूपीआय अडकलं. ज्यांच्या गल्ल्यात सुट्टे पैसे होते त्यांचं गिऱ्हाईक थांबलं, बाकीच्यांचं पुढे गेलं.

आणि मोठ्यांचं काय? 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले लाखो विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. विमान कंपनीला पेन-कागद काढावा लागतो, तर आपण कोण?

यातून "मोबाईल वापरू नका" हे शिकायचं नाही. शिकायचं हे की ॲप भाड्याच्या खोलीसारखं असतं. खोली कधीही सोडावी लागेल. सामान मात्र आपलं असलं पाहिजे आणि ते उचलता आलं पाहिजे.

## पहिली किल्ली: नंबर आणि ईमेल तुमच्याच नावाचे

आपला वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे अकोल्याची एसटी पकडणं. आज उद्यम नोंदणी घरबसल्या होते आणि कर्ज योजनांचे अर्जही ऑनलाईन भरता येतात. तरी कामं अडतात. पूर्वी अडायची ती अकोल्याला जावं लागायचं म्हणून. आता अडतात ती ओटीपी दुसऱ्याच्याच मोबाईलवर जातो म्हणून.

हे रोज पाहायला मिळतं. अर्ज भरून घ्यायला माणूस येतो. विचारलं, "भाऊ, ईमेल आयडी?" तर उत्तर येतं, "मागच्या वेळी सेंटरवाल्याने त्याचाच टाकला होता." पासवर्ड? "त्याच्याकडेच असेल." लिंक असलेला मोबाईल नंबर? "पोराचा होता, तो आता पुण्याला असतो." यात सेंटरवाला लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. रांग मोठी असते, गिऱ्हाईकाकडे ईमेल नसतो, तो आपला टाकून मोकळा होतो. पण उद्या बँकेने त्रुटी काढली तर मेल त्याला जाणार. तो तर शंभर जणांचे मेल पाहतो, त्यात तुमचा कुठे शोधणार? मुदत निघून जाईल आणि तुम्ही म्हणाल, "सरकारी काम आहे, असंच असतं."

म्हणून धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाने, भांडवल जमवण्याच्याही आधी, ही चार कामं करावीत.

1. धंद्याचा नंबर स्वतःच्या नावावर. सिम भावाच्या, मित्राच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आजच बदलून घ्या. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करा. आणि तो नंबर रिचार्जशिवाय पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळू शकतो.

2. धंद्याचा वेगळा ईमेल. स्वतः बनवा, पासवर्ड स्वतः टाका. रिकव्हरीला घरातल्या भरवशाच्या माणसाचा नंबर आणि दुसरा ईमेल द्या. अधूनमधून उघडतही जा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं.

3. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहा. गुगल तुम्हाला दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. मोबाईल हरवला, सिम बंद आहे, ओटीपी येत नाही, अशा वेळी हाच कागद खातं उघडून देतो. तो घरात, बँकेच्या पासबुकासोबत ठेवा.

4. उद्यम नोंदणी स्वतःच्या नंबरवरून. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सरकारी पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे. गुगलवर शोधलं की सरकारी वाटाव्या अशा खासगी वेबसाईट आधी दिसतात आणि फी मागतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, ते पाहा. फॉर्म भरून दिल्याचे पैसे सेंटरवाल्याला जरूर द्या, ती त्याची मेहनत आहे. पण नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा.

बचत गटाच्या ताईंसाठी खास सांगतो. गटाचं व्हॉट्सॲप, गटाचा ईमेल, पापड-लोणच्याच्या ऑर्डरी, सगळं सचिवाच्या मुलाच्या मोबाईलवर असतं. मुलगा गुणी असेल, पण तो कॉलेजला जातो. गटाचा नंबर वेगळा घ्या आणि गटाच्या दोघींना तरी पासवर्ड माहीत असू द्या.

## मोबाईलची तयारी: एका संध्याकाळचं काम

कॉन्टॅक्ट. नवीन नंबर सेव्ह करताना तो 'सिम'वर जातोय, 'फोन'वर की 'गुगल खात्या'वर, ते पाहा. गुगल खात्यावरच ठेवा. मग मोबाईल बदलला तरी लॉगिन केलं की सगळे नंबर परत येतात. नावासोबत काम लिहायची सवय लावा: 'रमेश वह्या होलसेल अकोला'. नुसता रमेश म्हटला की सहा रमेश निघतात.

व्हॉट्सॲप बिझनेस. 2018 पासून आलेलं हे ॲप फुकट आहे. यात तीन गोष्टी वापरा. कॅटलॉग, म्हणजे "काय काय आहे, फोटो टाका" या प्रश्नाचं कायमचं उत्तर. क्विक रिप्लाय, म्हणजे पत्ता, वेळ, दर हे रोज टाईप करावं लागत नाही. आणि लेबल, म्हणजे 'पैसे बाकी', 'ऑर्डर तयार' अशा खुणा.

व्हॉट्सॲपचं कुलूप. सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. कोणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला तरी पिनशिवाय खातं उघडत नाही. 'लिंक्ड डिव्हाइसेस' महिन्यातून एकदा उघडा. कधीतरी कोणाच्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढायला व्हॉट्सॲप चालू केलं असेल आणि तसंच राहिलं असेल, तर तिथून काढून टाका. मी झेरॉक्सवाला आहे, ही गोष्ट किती सर्रास होते ते मला विचारा.

बॅकअप. चॅट बॅकअप चालू आहे का आणि शेवटचा कधी झाला, ते बघा. गुगलची फुकट जागा 15 जीबी आहे. त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं मोजलं जातं. गुड मॉर्निंगच्या फोटोंनी ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जाऊन मोठे व्हिडिओ आधी उडवा.

स्वतःलाच मेसेज. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरलाही मेसेज करता येतो. माल संपला, दर बदलला, कोणी नवीन वस्तू मागितली की लगेच तिथे टाका. रात्री वहीत उतरवा.

आयएमईआय. डायल पॅडवर *#06# दाबा. दिसेल तो नंबर कागदावर लिहून ठेवा. मे 2023 पासून हरवलेला मोबाईल संचार साथी पोर्टलवरून देशभर ब्लॉक करता येतो. त्यासाठी पोलिसांकडची तक्रार आणि हा नंबर लागतो. मोबाईलचं बिलही सांभाळून ठेवा.

आणि एक सवय सोडा. एटीएमचा पिन 'एटीएम काका' नावाने सेव्ह करू नका. चोरालाही मराठी वाचता येतं.

## पैशाच्या बाबतीत डोळ्यांवर नाही, खात्यावर विश्वास

"भाऊ, गेले ना पैसे, हा पाहा स्क्रीनशॉट." गर्दीच्या वेळी हे वाक्य धोक्याचं असतं. स्क्रीनशॉट बनवता येतो, जुना दाखवता येतो. आपल्या ॲपमध्ये, बँकेच्या मेसेजमध्ये किंवा साउंडबॉक्सवर पैसे आले तरच आले. हे गिऱ्हाईकाला हसून सांगायचं: "थांबा भाऊ, मशीनला बोलू द्या." कोणाला राग येत नाही.

रोज सकाळी दुकान उघडल्यावर आपलाच क्यूआर दुसऱ्या मोबाईलने स्कॅन करून नाव पाहा. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत दुकानांवरच्या क्यूआरवर रातोरात दुसरेच क्यूआर चिकटवल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमचा बोर्ड शटरच्या बाहेर रात्रभर राहत असेल तर तो आत घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे दुकानातल्या पोरालाही शिकवा. पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच 1930 नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या बँकेचा एक क्यूआर ड्रॉवरमध्ये ठेवा, एका बँकेचा सर्व्हर बसला तर कामाला येतो. आणि गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवा. ही ट्रिक आजोबांची आहे, पण 12 एप्रिलला तीच चालली.

## कागद, फोटो आणि फाईल

आमच्याकडे प्रिंटला येणाऱ्या दहा फाईलींपैकी बऱ्याच फाईलींचं नाव असतं 'डॉक्युमेंट 1', 'न्यू न्यू फायनल', किंवा नुसते आकडे. मग गिऱ्हाईक पाच मिनिटं मोबाईल खालीवर करत राहतो. नावाची एकच पद्धत ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग काम. उदाहरणार्थ '2025-04-12 बिल वह्या'. वर्ष आधी टाकलं की फाईली आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

स्कॅनसाठी वेगळं ॲप लागत नाही. गुगल ड्राइव्हमध्येच कॅमेऱ्याने स्कॅन होतं, पीडीएफ बनते आणि थेट तुमच्या खात्यात जाते. छापील मजकूर परत टाईप करायचा कंटाळा येत असेल तर गुगल लेन्सने फोटोतून उचलता येतो. तो मराठीही बऱ्यापैकी वाचतो, पण आकडे एकदा तपासून घ्या.

पोर्टल म्हणतं फोटो अमुक केबीच्या आत हवा. मग लोक गुगलवर शोधतात आणि मिळेल त्या वेबसाईटवर आधार, पॅन, सही सगळं चढवतात. हे करू नका. तुमचा कागद तिथे कोणाच्या हाती राहतो ते कळत नाही. फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲप केला की तो आपोआप लहान होतो. अजून लहान हवा असेल तर कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडून 'रिसाइज' करा.

आधारची झेरॉक्स सगळीकडे वाटत फिरू नका. यूआयडीएआयच्या साईटवरून 'मास्क्ड आधार' मिळतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. जिथे पूर्ण नंबराची गरज नाही तिथे तेच द्या. बाकी सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर आहे. त्यातली अधिकृत कागदपत्रं कायद्याने मूळ कागदासारखी धरली जातात.

## मराठीत टाईप करा, पण युनिकोडमध्ये

या विषयावर मी जरा जोरात बोलणार आहे. कॉम्प्युटर सेंटरवर बनवलेली मराठी कोटेशनची फाईल तुम्ही मोबाईलवर उघडता आणि सगळी अक्षरं वेडीवाकडी दिसतात. व्हायरस वगैरे काही नसतो. ती फाईल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि वर फक्त मराठी चित्र दिसतं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर चित्र गेलं की गचपण उरतं. अशा फाईलमध्ये शोधता येत नाही आणि मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवरही टाकता येत नाही.

युनिकोडमध्ये टाईप केलेलं मराठी कुठेही मराठीच राहतं. छपाईवाल्याला सांगा, "मजकूर युनिकोडमध्ये द्या, सोबत पीडीएफ द्या आणि मूळ फाईलही द्या." पैसे तुम्ही दिलेत, फाईल तुमची आहे. नाहीतर पुढच्या वेळी दर बदलायचा म्हटलं तरी त्याच टेबलासमोर उभं राहावं लागतं.

स्वतः टाईप करायचं असेल तर अवघड काही नाही. मोबाईलवर जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माईकचं चिन्ह दाबून बोला. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. इंग्रजी अक्षरांत 'namaskar' सारखं लिहिलं की मराठी उमटतं. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. गुगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगही मराठीत चालतं. बोलून लिहिलेलं एकदा वाचून घ्या, 'तूर' आणि 'दूर' यात त्याचा गोंधळ होऊ शकतो.

## कॉम्प्युटरच्या कामाच्या ट्रिक्स

आता मागणीप्रमाणे. रोज लागतात तेवढ्याच देतो.

- कंट्रोल आणि झेड: चुकून पुसलं, बिघडलं तर एक पाऊल मागे. घाबरून फाईल बंद करण्याआधी हे दाबा.
- कंट्रोल आणि एफ: लांबलचक यादीत नाव शोधायला.
- विंडोज आणि व्ही: आधी कॉपी केलेल्या बऱ्याच गोष्टी एकत्र दिसतात. पहिल्यांदा दाबल्यावर 'चालू करा' असं विचारतं, ते करा.
- विंडोज, शिफ्ट आणि एस: स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा कापून घ्यायला.
- विंडोज आणि एल: काउंटर सोडताना कॉम्प्युटरला कुलूप.
- कंट्रोल, शिफ्ट आणि टी: ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेलं पान परत. फॉर्ममध्ये भरलेलं मात्र परत येईलच असं नाही.
- एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम: आजची तारीख आपोआप.

आणि एक्सेलची ही एक गोष्ट पाठच करा. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पहिले 15 आकडे जपतं. 16 आकडी खाते नंबर टाकलात तर शेवटचा आकडा शून्य होतो, सुरुवातीचं शून्य असेल तर ते गायब होतं. मजुरांच्या किंवा सभासदांच्या खात्यांची यादी बनवताना आधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा, नाहीतर नंबराच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह द्या. एवढी एक ट्रिक माहीत नसेल तर पूर्ण गटाचे पैसे बँकेतून परत येऊ शकतात.

उधारीसाठी ॲप वापरता? वापरा, चांगलंच आहे. फक्त घेताना एक पाहा: सगळा हिशोब पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? येत असेल तर महिन्याच्या शेवटी काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. येत नसेल तर ते ॲप कितीही सुंदर असो, घेऊ नका.

## "एवढं कोण करत बसणार?"

मला माहीत आहे, तुम्ही हेच म्हणणार. सकाळी सातला दूध-पाव आणि रात्री नऊला हिशोब, मध्ये वेळ कुठे? पण वर सांगितलेलं बहुतेक काम एकदाच करायचं आहे. पिन एकदा लावायचा, सिम एकदा बदलायचं, कोड एकदा लिहायचे. रोजचं म्हणाल तर क्यूआर तपासणं आणि फाईलला नाव देणं, एवढंच.

दुसरं म्हणणं असतं, "माझा भाचा करतो ना सगळं." करू द्या की. तो हुशार आहे, तुमच्यापेक्षा पटकन करतो. पण गाडी ड्रायव्हर चालवतो म्हणून गाडीची कागदपत्रं आपण ड्रायव्हरच्या नावावर करत नाही. भाच्याने चालवावं, किल्ली तुमच्याकडे असावी. तो करत असताना शेजारी बसा आणि एका वहीत पायऱ्या लिहून घ्या. पुढच्या वेळी वही पाहून तुम्ही करा आणि त्याला शेजारी बसवा.

तिसरं म्हणणं, "लॅपटॉप घेतला की मग सगळं नीट करू." मला हे पटत नाही. ज्याचा मोबाईल विस्कटलेला आहे त्याचा लॅपटॉपही विस्कटलेलाच राहणार. आधी आहे त्या मोबाईलवर शिस्त लावा. रोज दोन तास टायपिंग किंवा एक्सेल लागायला लागलं की मग लॅपटॉपचा विचार करा. तोपर्यंत ते पैसे मालात गुंतवा.

## या रविवारी करायचं काम

आठ बाय पाचचं एक जाड कार्ड घ्या. त्यावर निळ्या पेनाने लिहा: घरचे दोन नंबर, तीन मोठे होलसेलर, बँकेचा कार्ड आणि यूपीआय बंद करायचा हेल्पलाईन नंबर, सिम कंपनीचा हेल्पलाईन नंबर, मोबाईलचे आयएमईआय, धंद्याचा ईमेल आयडी आणि 1930. पासवर्ड आणि पिन यावर लिहायचा नाही. कार्ड गल्ल्यात ठेवा, त्याची एक झेरॉक्स घरी.

कार्डाच्या मागच्या बाजूला क्रम लिहा. मोबाईल गेला तर: एक, दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद. दोन, बँकेला फोन. तीन, दुसऱ्या मोबाईलवर गुगल खात्यात जाऊन हरवलेला मोबाईल लॉक. चार, पोलिसांत तक्रार आणि संचार साथीवर ब्लॉक. पाच, त्याच नंबरचं नवीन सिम. घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही, वाचता मात्र येतं.

मग महिन्यातून एकदा, धंदा मंद असतो त्या वेळी, मोबाईल ड्रॉवरमध्ये टाका आणि एक तास दुकान चालवून पाहा. जिथे जिथे अडाल ते लिहून काढा. माझ्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा ही यादी तुमच्या जास्त कामाची आहे, कारण ती तुमच्या दुकानाची आहे. त्यातली एकेक गोष्ट दर आठवड्याला दुरुस्त करा.

त्या एका तासात काय अडलं ते मला नक्की कळवा. जे सगळ्यात जास्त जणांचं अडेल, त्यावरच पुढचा व्हिडिओ करू.

तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि किल्ली स्वतःकडे ठेवा.